ओशन सिटीतले बुधवारचे जेवण

वॉशिंग्टनहून निघून चेसापीक उपसागरावरचा लांबलचक पूल ओलांडला, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची सपाट शेते लागतात आणि त्या शेतांच्या शेवटी, अटलांटिक समुद्राच्या काठावर, ओशन सिटी हे गाव येते. मेरीलँड राज्यातले हे गाव वाळूच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेले आहे. पूर्वेला समुद्र आणि पश्चिमेला खाडी. हिवाळ्यात येथे जेमतेम सात हजार माणसे राहतात, पण जून ते ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी पर्यटकांची संख्या लाखांच्या घरात जाते. एवढ्या माणसांना खाऊ घालायचे, त्यांच्या चादरी बदलायच्या, आकाशपाळणे फिरवायचे, पोहण्याच्या तलावांवर लक्ष ठेवायचे, तर त्यासाठी लागणारे हात गावातच मिळणे शक्य नाही.

ते हात कुठून येतात, हे बोर्डवॉकवर, म्हणजे समुद्राला लागून गेलेल्या जवळजवळ तीन मैलांच्या लाकडी रस्त्यावर, कामगारांच्या छातीवरचे बिल्ले वाचत चालले की समजते. नावाखाली देशही लिहिलेला असतो: बल्गेरिया, रोमानिया, कझाकस्तान, तुर्कस्तान, जमैका. १९२९ सालापासून बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर व्हिनेगर शिंपडून देणारे एक दुकान येथे आहे आणि १९१२ सालचे लाकडी घोड्यांचे चक्र अजून फिरते आहे. या जुन्या अमेरिकी गोष्टींभोवती राबणारी तरुण मंडळी मात्र दूरदूरच्या विद्यापीठांतून उन्हाळ्यापुरती आलेली असतात.

ही मुले ‘समर वर्क ट्रॅव्हल’ या योजनेखाली, जे-१ व्हिसावर येतात. या व्हिसाचे मूळ १९६१ सालच्या सांस्कृतिक व शैक्षणिक देवाणघेवाणीच्या कायद्यात आहे आणि योजना चालते ती मजूर खात्यामार्फत नव्हे, तर परराष्ट्र खात्यामार्फत. यामागे असलेला विचार मला मनापासून पटतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या परदेशी मुलाने सुट्टीत जास्तीत जास्त चार महिने येथे काम करावे, त्या कमाईतून आपला खर्च भागवावा, काम संपल्यावर तीस दिवस देश पाहावा, आणि या काळात त्याची व अमेरिकी माणसांची एकमेकांशी ओळख व्हावी, असा तो विचार आहे. कायद्याच्या दृष्टीने काम हे या ओळखीचे साधन आहे.

प्रत्यक्षात साधनानेच सगळा दिवस खाऊन टाकला, असे पुष्कळदा घडते. बहुतेक मुले घरून निघतानाच एजन्सीचे शुल्क आणि विमानभाडे भरून निघालेली असतात आणि तो पैसा वसूल करायचा म्हणून दोन-दोन नोकऱ्या धरतात. त्यात उन्हाळ्यात गावातली भाडी चढलेली असतात, त्यामुळे एका खोलीत चार-पाच जणांनी राहणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. सकाळी हॉटेलातल्या खोल्या साफ करायच्या, सायंकाळी उपाहारगृहात ताटे उचलायची, आणि रात्री उशिरा गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, भरधाव मोटारींच्या हमरस्त्यावरून सायकलने परत यायचे. रात्री दिवा नसलेली सायकल त्या रस्त्यावर जाताना पाहिली की छातीत धस्स होते.

या योजनेचे अपयश सर्वांत उघडपणे दिसले ते २०११ च्या ऑगस्टमध्ये, पेनसिल्व्हेनियातील पामायरा येथे. चॉकलेटे भरण्याच्या गोदामात जड खोकी उचलणाऱ्या शेकडो परदेशी विद्यार्थ्यांनी तेव्हा काम थांबवून निदर्शने केली. अमेरिका पाहायला बोलावले आणि रात्रपाळीला गोदामात उभे केले, ही त्यांची तक्रार होती. त्यानंतर २०१२ मध्ये नियम कडक झाले. गोदामे, कारखाने, बांधकाम आणि मुख्यतः रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतली कामे या योजनेतून वगळण्यात आली, वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर १,०९,००० ची मर्यादा आली, आणि मुलांना बोलावणाऱ्या प्रायोजक संस्थांवर महिन्यातून एकदा तरी प्रत्येकाची विचारपूस करण्याचे बंधन पडले. या मुलांच्या पगारावर मालकाला सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांचे कर भरावे लागत नाहीत, ही गोष्ट मात्र तशीच राहिली, आणि स्वस्त मजुरीची ही मागची वाट आहे हा आक्षेपही त्यामुळे मिटलेला नाही. मला तो आक्षेप रास्त वाटतो. तरीही योजनाच बंद करावी, असे म्हणायला मन धजत नाही. त्याचे कारण मी बुधवारी सायंकाळी पाहिले.

ओशन सिटीतली काही चर्चे उन्हाळ्यात या विद्यार्थ्यांना मोफत जेवण देतात. आमच्या शेजारीण बाईंची बहीण अशाच एका स्वयंपाकघरात मदत करते. तिच्या ओळखीने मीही त्या दिवशी वाढायला उभी राहिले. एरवी पास्ता किंवा चिकन असते, पण त्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्या मासेमाराने चेसापीकच्या निळ्या खेकड्यांच्या दोन टोपल्या आणून दिल्या होत्या. टेबलांवर तपकिरी कागद अंथरले गेले, त्यावर लाल तिखट-मिठाचा मसाला थापलेले वाफवलेले खेकडे ओतले गेले, आणि प्रत्येकापुढे एक लाकडी हातोडी ठेवली गेली.

टेबलाशी बसलेल्या एका कझाक मुलाने या उन्हाळ्यापूर्वी समुद्रच पाहिलेला नव्हता. खेकड्याकडे तो हात मागे घेऊनच पाहत होता. मासेमार आजोबा त्याच्याजवळ आले, खेकडा उलटा केला, पोटावरची झाकणी अंगठ्याने उचकटली, कवच वेगळे केले, कल्ले काढून टाकले आणि उरलेल्या भागाचे दोन तुकडे करून आतले पांढरे मांस कसे सोडवायचे ते दाखवले. माझे माहेर मालवणचे. आमच्याकडे नांगी दाताखाली फोडून कुर्लीचा रस्सा ओरपतात, हे मी सांगितले, तेव्हा आजोबांनी कुतूहलाने मसाल्यात काय काय घालता ते विचारले. वर्णा शहराहून आलेल्या बल्गेरियन मुलीने त्यांच्या काळ्या समुद्राकाठी शिंपल्यांचा भात कसा करतात ते सांगितले. आजोबा चाळीस वर्षे बोटीवर राबले होते. २०२० मध्ये साथीमुळे या व्हिसावरची मुले आली नाहीत, तेव्हा गावात माणसांअभावी काय हाल झाले, हे त्यांनी त्या मुलांना सांगितले, आणि तुमच्यावाचून आमचे अडते, हेही स्पष्ट शब्दांत सांगितले. कामाच्या ठिकाणी हे वाक्य या मुलांना कोणी ऐकवले असेल असे मला वाटत नाही.

कोकणात हापूसच्या बागा राखायला आणि मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून नेपाळहून तरुण मुले येतात. एका पंक्तीत बसून त्यांच्या गावाची चौकशी करणारे कोणी तिथेही असावे, असे तेव्हा फार वाटले.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी झाली की ओशन सिटीचा हंगाम ओसरतो आणि या मुलांचे प्रवासाचे तीस दिवस सुरू होतात. बहुतेकांच्या यादीत न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन असतेच. त्या बल्गेरियन मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी आमच्या घरी उतरायला सांगितले. त्याच सुमारास गणपती होते, त्यामुळे आमच्याकडच्या मराठी मंडळींच्या आरतीला त्या आल्या, टाळ हातात घेऊन ठेका धरायला शिकल्या, आणि उकडीच्या मोदकाची पारी वळताना कळ्या कशा पाडायच्या, हे त्यांनी माझ्या सासूबाईंकडून दोनदा समजावून घेतले. सासूबाईंना इंग्रजी फारसे येत नाही; त्यांनी मुलींची बोटे धरूनच शिकवले.

पुढच्या उन्हाळ्यातल्या एका बुधवारचे जेवण आमच्या मंडळींनी करायचे ठरवले आहे आणि चर्चमधल्या बाईंनी जुलैतली तारीखही दिली आहे. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि शिरा एवढे नक्की झाले आहे. तिखट किती घालायचे यावर अजून चर्चा चालू आहे. मेरीलँड किंवा व्हर्जिनियात राहणाऱ्या ज्या वाचकांना वाढायला यायचे असेल, त्यांनी दुपारी तीनपर्यंत पोहोचावे, कारण पहिली पाळी संपवून मुले पाचच्या सुमारास येऊ लागतात आणि त्यांतल्या अनेकांना सहा वाजता पुन्हा कामावर हजर व्हायचे असते.