नवी धार, जुना हात

धार लावून आणलेली सुरी घरात आली की एक-दोन दिवस स्वयंपाकघरात तिचाच दरारा असतो. टोमॅटोवर नुसती टेकवली तरी साल फाटते. कोथिंबीर काळी न पडता चिरली जाते. कांदा चिरताना डोळेसुद्धा कमी चुरचुरतात, कारण बोथट सुरी कांदा चिरत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या कांद्यातून ते झोंबणारं जास्त सुटतं. सगळे खूश. आणि नेमकं ह्याच दिवसांत घरातल्या कुणाच्या तरी बोटाला पट्टी दिसते.

मग बोल सुरीला. ‘लई धार लावलीय बाबा त्यानं.’

माझं मत वेगळं आहे. धार सुरीला लागलेली असते, हाताला नाही. सहा-आठ महिने बोथट सुरीशी झगडून हात जोर लावायला शिकलेला असतो. दुधी म्हटला की खांदा पुढे येतो, सुरण म्हटला की दातओठ खाल्ले जातात. तो जोर एका संध्याकाळी अनावश्यक होतो, पण हाताला ते कोण सांगणार? एरवी बोथट सुरीच जास्त धोक्याची. ती सालीवरून घसरते आणि कुठं जाईल ते तिचं तिलाच ठाऊक नसतं. धारेची सुरी ठेवाल तिथं रुतते. फक्त मधले हे ओळखीचे दिवस सांभाळायचे असतात, आणि ते कुणी सांभाळत नाही.

धार कुणी लावली ह्यावरही बरंच असतं. सायकल स्टँडवर लावून पायडल मारत साण फिरवणारे आमच्या पेठांच्या गल्ल्यांतून अजून अधूनमधून येतात. त्यातला जाणता माणूस पातं दाबत नाही, टेकवतो, आणि मध्येच पाण्यात बुडवतो. दुसरी सोय शिवाजी उद्यमनगरची, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वस्तीची. कोल्हापुरात प्रत्येक घराचा कुणीतरी तिथल्या कुठल्यातरी शेडमध्ये असतोच. ‘द्या की वहिनी, ग्राइंडरवर मारून आणतो,’ म्हणून तो सुरी घेऊन जातो आणि संध्याकाळी परत आणतो. धार तर अशी, की बघत राहावं! पण कडेला निळसर झाक दिसली की समजावं, पातं तापलं, पाणी उतरलं, म्हणजे पोलाद मऊ पडलं. ती धार फार दिवस पुरत नाही. शिवाय ग्राइंडरनं पात्याच्या कडेला पोलादाची बारीक कोर वळून राहते, तिला बर म्हणतात. उद्यमनगरवाला जॉबवरची बर इमानानं काढील. वहिनींच्या सुरीवरची राहून जाते. ही बर हाताला खरखरीत लागते आणि तुटून भाजीत जाऊ शकते. जुन्या चामडी पट्ट्यावरून पातं पाठीच्या दिशेनं, म्हणजे धार मागं ठेवून, दोन्ही बाजूंनी ओढलं की ती निघते. जुन्या कोल्हापुरी चपलेचा तळही ह्या कामाला चालेल, पण चप्पल ओट्यापर्यंत नेऊ देणारं घर मला माहीत नाही. त्यानंतर सुरी साबणानं धुवायची, कारण साणेची पूड आणि लोखंडाचा कीस तिला चिकटलेला असतो. पुसताना फडकं पाठीकडून धरायचं. आणि धार बघायला अंगठा फिरवायचा नाही, रद्दीतला कागद हवेत धरून कापून बघायचा.

हे सगळं विळीच्या काळात कुणाला शिकवावं लागत नव्हतं, असं मला वाटतं. विळीची जागा ठरलेली असायची. पाट पायाखाली गच्च, पातं जागचं हलणार नाही. हलायची ती भाजी आणि दोन हात. धोका कुठं आहे हे रांगत्या पोरालाही कळायचं. वर तिच्याभोवती नियमांचं कुंपण. विळी ओलांडू नये. विळी उभी सोडून उठू नये, आडवी करावी. आडवी केली तरी पातं भिंतीकडे. आम्ही पोरं विचारायचो, ओलांडली तर काय होतं? उत्तर यायचं, पाप लागतं. पाय कापतो, एवढं सांगून कुठलं पोर ऐकलं असतं?

शिवाजी पेठेतल्या माझ्या आत्या अजूनही सुरी हातात देत नाहीत. मागितली की म्हणतात, “हातात देऊ नये, भांडणं होतात. खाली ठेवतो, तू उचल.” आमच्याकडच्या जुन्या बायका ‘ठेवतो’, ‘जातो’च म्हणतात, आणि अशा आवाजात म्हणतात की पुढं वाद नको वाटतो. भांडणाचं ठाऊक नाही, पण दोघांच्या हातांत एकाच वेळी एक पातं नसावं, हा नियम कारखान्याच्या भिंतीवर लावण्याच्या लायकीचा आहे. खंडेनवमीला आत्या विळीला हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात. त्याच दिवशी उद्यमनगरात लेथला हार पडतात. हत्याराला वर्षातून एकदा हात जोडणारा माणूस उरलेलं वर्ष त्याच्याशी जरा जपून वागत असणार.

मग ओटा उभा झाला, विळी माळ्यावर गेली आणि सुरी आली. नियम मात्र विळीबरोबर माळ्यावर गेले. सुरीला जागाच नाही. ती आत्ता पाटावर, मग ताटात, मग टॉवेलखाली, मग बेसिनमध्ये फेसाच्या पाण्यात बुडालेली, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना कुणी काही बोललेलं नाही. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. धार आपण लावून आणायची आणि बोट त्यांचं कापायचं. म्हणून आमच्याकडे आता सुरी वापरणाऱ्यानंच धुवायची, पुसायची आणि खुंटीला लावायची. चमच्यांच्या खणात ती जात नाही. तिथं धारही जाते आणि आंधळेपणानं चाचपडणारी बोटंही.

पाटाखाली ओलं फडकं घातलं की पाट सरकत नाही. डाव्या हाताची बोटं आत वळवायची, पेरं पुढं. चिरलेला कांदा पातेल्यात लोटताना सुरी उलटी करून पाठीनं लोटायचा, ह्यात धारही वाचते. सुक्या खोबऱ्याच्या वाटीवर मात्र नव्या धारेची परीक्षा घेऊ नये. ती वाटी डुलते, कडक असते, सुरी निसटली की तळहात समोरच असतो. त्याला किसणी आहे. आणि सुरी हातातून सुटली तर पाय मागं घ्यायचा, हात पुढं नाही. क्रिकेट खेळलेल्या पुरुषांना हे फार जड जातं.

तरी कापलंच तर नळाखाली धरावं, स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं सलग दाबावं आणि हात वर ठेवावा. दर मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून उघडून बघितलं की थांबत आलेलं पुन्हा सुरू होतं. आपल्याकडे हळदीचा डबा धावतच येतो, पण जखम खोल असली तर टाके घालण्याआधी ती हळद डॉक्टरांना धुवून काढावी लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तेव्हाच विचारून घ्यावं.

एवढं सगळं घरच्यांना पढवून झालं तरी रविवार उरतोच. रविवारी मटण, मटण म्हणजे पाहुणे, आणि पाहुण्यांत एक हौशी भावोजी असतातच. तांबड्या रश्शाचा कांदा चिरायला घेतला की ते बाह्या सरसावून ओट्यापाशी येतात, “सरका वहिनी, आज मी चिरतो.” त्यांच्या घरची सुरी बोथट असते, हे मला न विचारता माहीत असतं, सुरी मुठीत धरायची त्यांची पद्धतच सांगते. धारेचं सांगावं तर त्यांना तो मर्दुमकीचा प्रश्न वाटतो. म्हणून मी सांगत बसत नाही. लसणाचे चार मोठे गड्डे परातीत घालून त्यांच्यापुढं ठेवतो आणि म्हणतो, पांढऱ्या रश्शाला एवढा लागणार आहे भावोजी, तुमच्याएवढा बारीक कुणी सोलत नाही.