नाव काढलं, तरी वाचता येतंय

शेवटचं अक्षर निघालं आणि मी दोन पावलं मागे सरून बघितलं. पिकअपच्या मागच्या फाळक्यावर कंपनीचं नाव तसंच्या तसं वाचता येत होतं.

अक्षरं तर माझ्या हातात होती! हेअर ड्रायरने गरम करून, मागून नायलॉनचा बारीक दोरा करवतीसारखा फिरवत एकेक सोडवली होती. उरलेला गोंदही अंगठ्याने चोळून काढला. पण इतकी वर्षं त्या अक्षरांखाली ऊन पोचलंच नव्हतं. तिथला लाल अजून गडद, भोवतीचा पार फिका.

सस्पेन्शन बदलून गाडीची उंची कमी केली, ती जमिनीच्या जवळ आणली, तेव्हापासून मला ती मागून सपाट, कोरी हवी होती. बंपर काढून बॉडीच्याच रंगाचा रोल पॅन, म्हणजे बंपरच्या जागी बसणारं गुळगुळीत पॅनेल, बसवायचाय. उंच गाडीत नजर आधी चाकांवर जाते. खाली आलेल्या गाडीत ती पत्र्याच्या रेषेवरून सरकत जाते, आणि मग प्रत्येक अक्षर, प्रत्येक सांधा खुपायला लागतो.

मित्र शेजारीच उभा होता. म्हणाला, "घाई करू नकोस. हाच तिचा खरा रंग. नीट बघून घे."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. पॉलिशने फरक कमी होईल, नव्याने रंगवला तर पूर्ण जाईल. पॉलिशचा डबा उघडून ठेवलाय, पण हात धजत नाही. घेतली तेव्हा ती एवढी लाल होती, हे मी विसरूनच गेलो होतो.

तुम्ही असता तर पुसलं असतं का ते नाव?