सोलापूरच्या उन्हाळ्यात समुद्रफूल

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं आणि सगळ्यात शेवटी टाकीचं. हा क्रम आईने घालून दिलाय आणि तो मला मान्य आहे. टाकी म्हणजे हॉलमधली काचेची टाकी: तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. साधारण १९० लिटर खारं पाणी, त्यात ॲनिमोनच्या आसऱ्याने राहणाऱ्या क्लाउनफिश माशांची एक जोडी आणि बबल टिप जातीचा एक ॲनिमोन. मराठीत याला समुद्रफूल म्हणतात, पण तो प्राणी आहे. अंगावर बोटांसारखे लांब अवयव, प्रत्येक बोटाच्या टोकाला डाळिंबाच्या दाण्याएवढा फुगा आणि मधोमध तोंड. सोलापुरातून समुद्र गाठायचा तर कुठल्याही बाजूने रात्रभराचा प्रवास. अशा गावात हा जीव नीट ठेवायला मला दोन वर्षं शिकावं लागलं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या रंगाईच्या लॅबमध्ये काम करतो. पाण्याचा कठीणपणा, पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) हे माझे रोजचे शब्द. तरी पहिली चूक पाण्यातच झाली. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरलं. टीडीएस ४५ होता, मला तो पुरेसा कमी वाटला. तीन आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी साय धरली. घरगुती आरओमधून सिलिकेट सुटत होतं आणि ते खाऊन शेवाळ माजत होतं. पुढे आरओला उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही असं ठरवलं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि गच्चीवरच्या कुंड्यांना जातं.

दुसरी चूक खारटपणा मोजण्यातली. रिफ्रॅक्टोमीटर मी साध्या पाण्यावर शून्य करून वापरत होतो. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ, समुद्राएवढं) तयार द्रावण आणून तपासलं तेव्हा कळलं, मी ज्याला ३५ समजत होतो ते प्रत्यक्षात ३२ होतं. मासे तेवढं सोसतात. ॲनिमोनच्या अंगात मात्र पाणीच पाणी असतं, बाहेरचा खारटपणा हलला की त्याला लगेच जाणवतं.

पुण्यात एक काका आहेत, वीसेक वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतात. मी सहाव्या महिन्यात त्यांना फोन केला, म्हटलं, "काका, आता ॲनिमोन आणू का?"

"नायट्रेट किती?" माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारं हे द्रव्य.

"दहा."

"आणि गेल्या महिन्यात?"

"चाळीस होतं."

"मग थांब अजून. आकडा नुसता चांगला येऊन भागत नाही रे, तो तीन महिने तिथंच टिकला पाहिजे."

आणखी तीन महिने थांबलो. दर रविवारी १९ लिटर पाणी बदलायचं, आदल्या रात्री बादलीत मीठ कालवून पंप लावून ठेवायचा, तापमान जुळलं की ओतायचं. ॲनिमोन मला समुद्रातून उपटून आणलेला नको होता. हे जीव अनेक दशकं जगतात, आणि दुकानात आलेले कितीतरी काही महिन्यांत संपतात. टाकीतले दगडही प्रवाळाचे न घेता सिरॅमिकचे घेतले, कारण दगडी प्रवाळांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बबल टिप मधोमध दुभंगून आपणहून वाढतो. काकांच्या टाकीत असाच एकाचे दोन झाले होते, त्यातला एक त्यांनी मला दिला.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा तो घरी आला. थंडीचे दिवस मुद्दाम निवडले होते. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून संध्याकाळी निघालो, थर्माकोलचा डबा मांडीवर. काकांनी दोन दिवस आधीपासून त्याला खायला दिलं नव्हतं, नाहीतर पिशवीतलं पाणी नासतं. घरी पोचल्यावर बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबाथेंबाने त्याच्या भांड्यात सोडलं. तासाभराने दोन्हीकडचा खारटपणा सारखा झाला, मग हाताने उचलून दगडाच्या फटीशी ठेवला. माझ्या बोटांना त्याचं अंग चिकटलं, सेलोटेप चिकटते तसं. त्या चिकटण्याचा मला फार आनंद झाला. ते त्याचे डंखाचे पेशीकण असतात. निरोगी ॲनिमोन चिकटतो, ढिला पडलेला चिकटत नाही.

पहिल्या तीन रात्री तो चालला. दगडावरून उतरून वाळूत, वाळूतून मागच्या काचेवर. या दिवसांत सर्वांत मोठा धोका पंपाचा. लाटा करणाऱ्या पंपात ओढला गेला तर त्याचे तुकडे होतात आणि मग टाकीतले बाकीचे जीवही जातात. मी दोन्ही पंपांना स्पंजची टोपी बसवून ठेवली होती, प्रकाशही अगदी कमी ठेवला होता. चौथ्या दिवशी त्याने दोन दगडांमधली फट निवडली आणि पाय आत घट्ट रोवला. ती जागा मी त्याच्यासाठी योजलेली नव्हती, पण काकांनी बजावलं होतं, "तो जिथं बसेल तिथून हलवायचा नाही." प्रकाश मात्र पुढचे सहा आठवडे हळूहळू वाढवत नेला.

एका रात्री तो सुकलेल्या लिंबाएवढा झाला. तोंडातून तपकिरी तार निघत होती. मी रात्रभर टाकीसमोर बसून राहिलो. सकाळी सातला तो पुन्हा ताटलीएवढा फुललेला. पोटातला कचरा आणि जुनं पाणी टाकताना तो असाच आक्रसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. काळजी कधी करायची तर आक्रसलेला दिवस-दोन दिवस तसाच राहिला, तोंड उघडं पडलं, पाय सुटला, तर. खायला आठवड्यातून एकदा कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा. मोठा दिला की दुसऱ्या दिवशी तसाच बाहेर टाकतो.

खरी परीक्षा एप्रिलपासून. आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि घरात ३५-३६ असतं. ॲनिमोनला २५-२६ हवं. चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राची, किंमत माझ्या दोन पगारांएवढी. मग एका उन्हाळी रात्री माठाला हात लावताना डोक्यात आलं, माठ गार राहतो तो पाझरून वाफ होते म्हणून, आणि आपली हवा तर एवढी कोरडी. टाकीखालच्या सम्पवर, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणाऱ्या छोट्या टाकीवर, दोन छोटे पंखे असे बसवले की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाईल. तापमान तीन-चार अंशांनी उतरलं. मुंबईच्या दमट हवेत एवढा फरक पडणार नाही. आमच्या रखरखीत उन्हाळ्यात पडतो.

पण पाणी उडतं. दिवसाला पाच-सहा लिटर. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. तीन दिवस भर घातली नाही तर खारटपणा ३५ वरून ३८ च्या पुढे. ही भर साध्या शून्य टीडीएसच्या पाण्याने घालायची, खाऱ्या नाही. मी तरंगत्या गोळ्याचा व्हॉल्व्ह लावला आणि वर २५ लिटरचा कॅन. एकदा कॅन रिकामा दिसला म्हणून आई तांब्याच्या कळशीतलं पाणी ओतायला निघाली होती. मी धावत जाऊन हात धरला, "आई, तांब्यातलं नको!" तांबं आपल्या पोटाला चालतं, पण या जीवांना अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे. तेव्हापासून कॅनशेजारी झाकणावर लाल चिंधी बांधलेली एक प्लॅस्टिकची बादली असते. भर घालायची ती तिच्यातूनच.

तरी पहिल्या मे महिन्यात घात झाला. दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला, मी कामावर होतो, आई मावशीकडे. सहा तास पंखे बंद. घरी आलो तेव्हा टाकीत ३१.५. बर्फाच्या बाटल्या एकदम टाकाव्याशा वाटल्या, पण झटका दुहेरी बसला असता. एकेक बाटली सोडत रात्रीपर्यंत २७ वर आणलं. तिसऱ्या दिवसापासून त्याचा रंग उतरायला लागला. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उजेडात साखर करून त्याला पोसतं, त्याचा तपकिरी रंगही त्यांचाच. उष्णता सोसली नाही की तो त्यांना बाहेर टाकतो. दहा दिवसांत तो दुधासारखा पांढरा झाला. अंगातून पलीकडचा दगड दिसायचा.

काका म्हणाले, मेला नाहीये, उपाशी आहे. प्रकाश निम्मा केला. आठवड्यातून दोनदा कोळंबीचा मसुराएवढा तुकडा चिमट्याने त्याच्या बोटांवर ठेवायचो. मादी क्लाउनफिश तोच तुकडा उचलून पुन्हा त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायची. गणपतीत बुडाशी फिकट तपकिरी छटा दिसली. दिवाळीत रंग फुग्यांपर्यंत चढला होता.

त्या डिसेंबरात तो दुभंगला. मी आनंदाने फोन केला तर काका क्षणभर गप्प झाले. "भरल्या पोटीही दुभंगतो आणि त्रासातही. दोघं खातायत का बघ." दोन्ही खात होते. लहान तुकडा महिनाभरात गोल झाला, त्याची चीर मिटली.

पंखे आणि एक पंप आता इन्व्हर्टरवर आहेत, बर्फाच्या चार बाटल्या फ्रीजरमध्ये कायम. काल दुपारी बाहेर ४१ होतं. टाकीत २६.८.