ऑगस्टात मी गळ का टाकत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. दर जुलैत कुणाचा तरी फोन येतोच, "आम्ही सगळे जून लेकला चाललोय, कॅम्पसाइट मिळालीय, गळ घेऊन या की! मे महिन्यात तर एकटेच जाता." मी काहीतरी सबब सांगतो. मग मागून कानावर येतं की याला माणसं नकोत. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, म्हणजे बे एरियातल्या आपल्या मंडळींत हे इतकं पसरलंय की आता एकदाचं सगळं सांगून टाकतो.

प्रश्न पाण्याचा आहे. जून लेक म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्व अंगाचं तळं, साधारण ७,६०० फुटांवर. हिवाळ्यात तळं गोठतं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्यामुळे बर्फ वितळून वरचं पाणी ४ अंशांवर आलं की तळं वरपासून खालपर्यंत एकाच तापमानाचं होतं आणि वारा सुटला की पार बुडापर्यंत ढवळून निघतं. प्राणवायू खाली जातो, खालची पोषकद्रव्यं वर येतात. पुढे मेच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काठाजवळचं पाणी १० ते १४ अंशांच्या आसपास असतं. इथल्या ट्राउट माशांना हेच मानवतं. डासांसारखे दिसणारे पण न चावणारे मिज किडे तेव्हा तळातून वर यायला लागतात आणि त्यांच्यामागे रेनबो ट्राउट अगदी पायाशी येतात. बोटसुद्धा लागत नाही.

आणि पहाटे चारला उठायचीही गरज नसते, हे मी किती जणांना सांगितलंय! रात्रभर उथळ पाणी गारठलेलं असतं. दहा-अकराला ऊन चढलं की ते अंश-दोन अंशांनी तापतं, मग मासा हलतो. वारा ज्या काठावर आदळतो तिकडे वरचं कोमट पाणीही लोटलं जातं आणि किडेही. म्हणून तोंडावर वारा घेऊन उभं राहायचं. दोरी फेकताना हात भरून येतात, पण मासा तिथेच असतो. बहुतेक लोक समोरच्या निवांत काठावर खुर्च्या टाकून बसलेले असतात.

जुलैत वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर वेगळा थर धरून बसतं. वारा कितीही सुटो, दोन्ही मिसळत नाहीत. ट्राउट खोल जातो. त्याला काढायचं म्हणजे थंड पाण्यातून ओढत, दमवत गरम पाण्यात आणायचं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी, आणि दमलेल्या माशाला तर तो जास्त लागतो. पाणी २० अंशांवर गेलं की ट्राउटच्या वाटेला जाऊ नये, असं इथले जुने लोक सांगतात.

२०१५ साली सिएरात बर्फ जवळजवळ पडलंच नव्हतं. १ एप्रिलला डोंगरावरचा बर्फसाठा नेहमीच्या ५ टक्के होता, मोजणी सुरू झाल्यापासून सगळ्यात कमी. बर्फामुळे हिवाळाभर बंद असणारा, डोंगर ओलांडून तळ्याकडे जाणारा टायोगा खिंडीचा रस्ता ४ मेलाच उघडला. (२०२३मध्ये तोच रस्ता २२ जुलैला उघडला, यावरून अंदाज करा.) त्या ऑगस्टात माझे मामा रत्नागिरीहून आले होते. सगळा जन्म खाडीकाठी गेलेला, गरवण्याचा नाद लहानपणापासूनचा. त्यांना हे तळं दाखवायचंच होतं. आम्ही भाड्याची बोट घेतली.

मासा खोलातून लागला, चाळीसेक फुटांवरून. मामा बोटीच्या कडेला वाकून बघत होते. दीड वीत रेनबो, अंगावरचा गुलाबी पट्टा गडद. पकडून परत सोडायचा म्हणून मी सगळं रीतसर केलं. मागचा काटा चेपलेला गळ, रबरी जाळं, ओले हात, मासा पाण्याबाहेर काढलासुद्धा नाही. गळ सोडवून त्याला शेपटीच्या मुळाशी धरून सरळ ठेवला. कल्ले भराभर उघडमीट करत होते, मग सावकाश. हात काढला की तो कुशीवर कलायचा. सरळ केला, पुन्हा कलला. मामा म्हणाले, "अरे, तोंड पुढे करून हलव जरा." हलवला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एकदम त्याने शेपटी मारली आणि हातातून सुटला. मला वाटलं, वाचला. दोन हात खाली जाऊन तो वळला, पांढरं पोट वर आलं आणि तसाच गिरक्या घेत बुडत गेला. पाणी इतकं नितळ होतं की फार खोलपर्यंत दिसत राहिला.

"खायचा नव्हता तर वर कशाला आणलास रे?" मामांनी विचारलं. रागावून नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांच्या घरी लागलेल्या माशाचं कालवण होतं. मी समजावू लागलो, सोडल्याने मासे टिकतात वगैरे. बोलता बोलता माझंच मला पटेना.

त्या दिवसाआधीचा मी अजून माझ्याशीच भांडायला येतो. म्हणतो, सोडलेला मासा बहुतेक वेळा जगतो. थंड पाण्यात जगतो, मान्य. तो म्हणतो, मारून टाकण्यापेक्षा संधी दिलेली बरी. मी म्हणतो, मामांनी दोन मासे घेऊन दोरी गुंडाळली असती. तू दिवसभर सोडत बसतोस, त्यातले किती बुडाशी गेले ते तुला दिसत नाही. मग तो विचारतो, जूनमध्ये एखादा मरत नाही कशावरून? इथे मी गप्प होतो.

तुमच्यातल्याच एकाने सुनावलं होतं, "सरकारी हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात वाढवलेले मासे ते, पकडायलाच सोडतात. एवढं काय त्यात?" तेही खरं. सिएरातली उंचावरची बहुतेक तळी मुळात बिनमाशांची. खाली धबधबे, मासा चढणार कुठून? एकोणिसाव्या शतकापासून माणसांनीच तिथे ट्राउट नेले, खेचरांवरून आणि पुढे विमानातूनसुद्धा. त्या माशांनी बेडकांची पिल्लं फस्त केली. इथला पिवळ्या पायांचा बेडूक २०१४मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मासे सोडणं १९९१मध्येच थांबलं, आणि किंग्ज कॅन्यन उद्यानाकडच्या काही तळ्यांतून तर ट्राउट मुद्दाम काढून टाकलेत. म्हणजे मी ज्याच्यासाठी हळहळतो तोच दुसऱ्याच्या मुळावर आलेला आहे. पण म्हणून गरम पाण्यात त्याची तडफड कमी होते का? या दोन गोष्टींची सांगड मला घालता येत नाही.

सध्या मे-जूनमध्ये जातो, आधी थर्मामीटर पाण्यात सोडतो, दोन मासे ठेवतो आणि रात्री हळद-तिखट लावून रव्यात घोळून भाजतो. दोन झाल्यावर पुढे गळ टाकायचा की नाही, याबद्दल मन दर वर्षी वेगळं सांगतं.

जुलै-ऑगस्टात बोलवा, येईन. पोरांना पोहायला पाणी तेव्हाच बरं असतं. मासा हवा असेल तर मात्र मेअखेरीस रजा काढा. टायोगा बहुधा बंद असेल, उत्तरेला टाहो तळ्याकडून वळसा घालून ३९५ नंबरच्या हायवेला लागावं लागेल. सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाचं मासेमारीचं लायसन्स आधीच काढून ठेवा, आणि कानटोप्या आणा, कारण उभं आपण वाऱ्याच्याच काठावर राहणार आहोत.