रुमाल कोणाच्या हातून पडतो?

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तला प्रवेश बसवायला घेतलेली ठाण्यातली मुलं गडकरी रंगायतनबाहेर, तलावपाळीवर भेटली की विचारतात, "इयागोचा विश्वासघात ठसवायचा कसा?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहितो.

इयागो हा सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी. ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याशी गुंतली आहे, असं खोटंच तो ऑथेल्लोच्या मनात भरवतो. पण इयागोला ठसवू नका. पहिल्या अंकाच्या शेवटी आणि मग दुसऱ्या अंकात त्याने स्वगतांतून आपला बेत प्रेक्षकांना सांगितलेलाच असतो. त्यावर डोळे बारीक करणं, गालात हसणं, लाल झोत टाकणं म्हणजे नाटकावर घाव घालणं. सगळे ज्याला 'प्रामाणिक इयागो' म्हणतात, त्याच्या चेहऱ्यावर कपट दिसलं की ऑथेल्लो नुसता बावळट ठरतो. मग त्याच्यासाठी कुणाचा जीव तुटत नाही.

मेहनत रुमालावर घ्या. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो कपाळ दुखतंय म्हणतो. डेस्डेमोना रुमाल बांधायला जाते. "फार लहान आहे तुझा रुमाल," म्हणत तो तिला थांबवतो आणि रुमाल खाली पडतो. तो ऑथेल्लोच्या हाताने बाजूला सारला जायला हवा. तालमीत तो हमखास डेस्डेमोनाच्या हातून निसटतो, आणि तिथेच ती निष्काळजी ठरते. पुढे तिच्यावर येणारा आळ अर्धा खरा वाटू लागतो. खरं तर ज्या रुमालाचा तो तिला जाब विचारणार, तो त्यानेच झिडकारलेला असतो.

रुमाल साध्या पांढऱ्या सुती कापडाचा, साधारण १५ इंची चौकोनी घ्या. डोक्याला बांधायला अपुरा, पण मागच्या रांगेतून दिसणारा. त्यावर स्ट्रॉबेरीची नक्षी आहे. ती बारीक भरतकामात काढली तर तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही, म्हणून चार-पाच ठसठशीत लाल फळं काठावर. जॉर्जेट नको, पंख्याच्या वाऱ्याने भरकटतं. खाली गडद सतरंजी हवी, नाहीतर पडलेला रुमाल दिसतच नाही. इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सोबतीण एमिलिया हिच्याकडून इयागोकडे, मग कॅसिओ, त्याची मैत्रीण बियांका असा तो फिरतो. एखाद्याच्या खिशात राहून गेला तर पुढचा प्रवेश अडतो, म्हणून दोन्ही विंगांत एकेक जादा ठेवा.

आता माझ्या मते नाटकातला सर्वांत जिव्हारी लागणारा दगा. रुमाल एमिलिया उचलते. नवरा कितीदा मागत होता, म्हणून त्याला देते. पुढच्याच प्रवेशात डेस्डेमोना विचारते, रुमाल कुठे हरवला असेल? एमिलिया उत्तरते, "ठाऊक नाही, बाईसाहेब." एवढंच. वेळ वाचवायला संहिता छाटताना नेमकं हेच वाक्य जातं. मूळ घ्या, अनुवाद घ्या किंवा गोविंद बल्लाळ देवलांचा 'ऑथेल्लो'वर बेतलेला १८९० चा 'झुंझारराव' घ्या, आधी ही जागा शोधून खूण करा.

ते म्हणताना एमिलियाने घाबरू नये, प्रेक्षकांकडे पाहू नये. हातात काही काम द्या, कपड्याची घडी चालेल. वाक्य सहज जाऊ दे, पण हात एक क्षण थांबू देत. थोड्याच वेळात ऑथेल्लो रुमाल मागत डेस्डेमोनावर ओरडतो, तेव्हाही एमिलिया तिथेच आहे. ती गप्प राहते. त्या वेळी तिला अंधारात टाकू नका.

पाचव्या अंकात रुमाल आपण उचलून नवऱ्याला दिला हे ती ओरडून सांगते. इयागो तिला भोसकतो. तोवर डेस्डेमोना पलंगावर मेलेली आहे, आणि एमिलिया तिच्याच शेजारी निजवायला सांगते.