उसना अंधार

पुण्या-मुंबईच्या हौशी आकाशनिरीक्षकांचा एक गोड गैरसमज आहे, की खेड्यात अंधार फुकट मिळतो. ‘तुझी मजा आहे बुवा, वावरात गेलं की काम झालं,’ असं ते फोनवर म्हणतात आणि मी हो म्हणून सोडून देतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, चांगलं आडबाजूचं. पण इथल्या अंधाराला मालक आहेत. चौकातला हायमास्ट ग्रामपंचायतीचा. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, फिरणारा झोत जागलीवरच्या माणसाचा, कारण रोही आणि रानडुकरं अंधार पडायचीच वाट पाहत असतात. कृषिपंपाला रात्रीची लाईन असली की ओलीतवाला बॅटरी घेऊन निघतो तो वेगळाच. धूमकेतूचा फोटो काढायचा तर या सगळ्यांकडून थोडा थोडा अंधार उसना मागावा लागतो.

त्यात धूमकेतू आपलं पंचांग बघून येत नाहीत. २०२० च्या जुलैत निओवाइज आला. सप्तर्षींच्या खाली, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा. जगभरातले फोटो मोबाइलवर येत होते आणि आमच्या डोक्यावर आषाढाचे ढग. वावर पेरलेलं असताना पाऊस थांबावा असं कोणत्या तोंडानं म्हणणार? तो विषय तिथेच संपला.

२०२४ चा त्सुचिनशान-ॲटलास मात्र ऑक्टोबरात आला. चीनमधल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणींनी तो २०२३ च्या सुरुवातीलाच टिपला होता, म्हणून नाव असं जोडाचं. २७ सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून तो १२ ऑक्टोबरला पृथ्वीपासून साधारण सात कोटी किलोमीटरवर आला. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटींवर, म्हणजे हा निम्म्याच्याही आत. मग संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला. पत्ता अगदी सोपा होता: डावीकडे खाली शुक्र, उजवीकडे स्वाती, दोघांच्या मधोमध जरा वर बघा.

पण १६ तारखेला कोजागिरी! गावात पोरी भुलाबाईची गाणी म्हणून खिरापत ओळखायला लावत होत्या, दूध आटत होतं, आणि मी चंद्रावर चरफडणारा गावातला एकमेव माणूस. पौर्णिमेनंतर चंद्र रोज पाऊण तासानं उशिरा उगवतो, म्हणजे संध्याकाळचा अंधार रोज तेवढा वाढतो. धूमकेतूही रोज क्षितिजापासून वर चढतो. पण त्याच वेळी तो लांब जात असतो आणि फिका पडत असतो. पौर्णिमेआधी तो ठसठशीत, पण आकाश उजळ. नंतर आकाश काळं, पण त्याचं तेज उतरलेलं. या दोहोंच्या मध्ये तीन-चार संध्याकाळी खऱ्या कामाच्या असतात. महागडी लेन्स घेतली म्हणून त्यांची संख्या वाढत नाही.

आणि त्याच संध्याकाळी सोयाबीनची मळणी असते. ज्याच्या वावरात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, आला त्याची ती रात्र. मशीनवर फोकस लावलेला, कुटार उडतंय, आणि ती बारीक धूळ नेमकी पश्चिमेला तरंगत राहते. शुक्रासारखा शुक्र तिच्यातून तांबूस दिसतो, तिथे शेपटीची काय कथा.

मी पांदणीच्या टोकाला ट्रायपॉड लावला होता तेव्हा जागलीवरचे काकाजी काठी आपटत आले.

“कोन हाय रे थे? धुऱ्याची मोजणी आणली का? अन् थेही रातच्याले?”

तीन पायांचं काहीही धुऱ्याजवळ उभं दिसलं की आमच्याकडे आधी मोजणीच आठवते, आणि मोजणी म्हटली की पुढे भांडण. मी घाईघाईनं सांगितलं, “नाही काकाजी, शेंडेनक्षत्र पाहतो आहे.”

ते निवळले. शेजारी उभे राहून बराच वेळ बघत राहिले. “मले त काईच दिसत नाई.”

“थेट नका पाहू. जरा बाजूला पाहा, म्हणजे दिसते.”

“म्हातारपनी वाकड्या नजरेनं पाहाले लावतं का बे?”

पण पाहिलं त्यांनी. अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर नसतात, कडेकडेला असतात. म्हणून नजर किंचित सरकवली की पुसट वस्तू उमटते. काकाजींना दिसली एक राखाडी रेघ. त्यावर त्यांनी निकाल दिला, “सत्त्यान्नवले निंगालतं थे खरं. बाजीवर पडल्या पडल्या दिसे.” ते हेल-बॉपबद्दल बोलत होते. १ एप्रिल १९९७ ला सूर्याजवळून गेलेला तो धूमकेतू नुसत्या डोळ्यांना तब्बल दीड वर्ष दिसत होता. आमच्याकडे तेव्हा सगळं गाव अंगणात झोपायचं. त्याच्याशी तुलना केली तर पुढचे सगळे नापासच.

कॅमेऱ्याचं काम त्या मानानं सरळ आहे. पन्नास एमएमची साधी लेन्स पुरते. ऑटोफोकस बंद करायचा, शुक्राला स्क्रीनवर दहापट मोठा करून फोकस रिंग केसभर इकडे-तिकडे फिरवायची. तो सगळ्यात बारीक टिंब झाला की रिंगला हात लावायचा नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, सोळाशे; शटर चार-पाच सेकंद. त्याहून जास्त उघडं ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्यानं तारे लांबट होतात. बटण दाबतानाचा धक्कासुद्धा चालत नाही, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. आणि लेन्स मधूनमधून मऊ फडक्यानं पुसायची, कारण ऑक्टोबरात दहिवर काचेवर कधी बसतं ते कळत नाही.

स्क्रीनवर फोटो आला की शेपटी डोळ्यांना दिसली त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असते. ते बघून ‘हे खोटं आहे’ म्हणणारे भेटतात. खोटं नाही. डोळा उजेड साठवत नाही, कॅमेरा पाच सेकंद साठवतो, एवढंच. रंगाचंही तेच. २०२५ च्या दिवाळीतला लेमन धूमकेतू फोटोत हिरवट आला, त्याच्या डोक्याभोवतीच्या वायूत कार्बनच्या जोड-अणूंचे रेणू असतात म्हणून. डोळ्यांना मात्र तो पांढुरका ठिपका. त्या वेळी चंद्राची कटकट नव्हती, २१ ऑक्टोबरला अमावस्या आणि त्याच दिवशी तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ. मुहूर्त असा की जोश्यानं काढून द्यावा! पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणत्या गावात अंधार असतो? फटाक्यांच्या धुरात मी स्वातीसुद्धा चाचपडत शोधली.

माझा त्यातल्या त्यात बरा फोटो त्सुचिनशान-ॲटलासचाच आहे, आणि तो हडंबावाल्याच्या मेहरबानीनं मिळाला. मशीन नवीन होतं, समोर वाहिलेल्या नारळाची करवंटी तशीच पडलेली. मी मशीनवरचा फोकस दहा मिनिटं बंद ठेवायला सांगितलं. त्यानं हिशोब केला, मजुरांना चहा पाजला आणि म्हणाला, “करतो भाऊ. पन मंग माह्या हडंब्याचाबी फोटो पाह्यजे. चांदन्याच्या खाली.”

मी ट्रायपॉड मागे नेला, शटर उघडं असताना मोबाइलची बॅटरी मशीनवरून एकदा झर्रकन फिरवली. खाली लालभडक हडंबा, वर तिरपी फिकट शेपटी. त्यानं तो लगेच स्टेटसला टाकला. दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा होती ती हा हडंबा किती एचपीच्या ट्रॅक्टरवर चालतो याची, आणि एकानं तर मलाच विचारलं, “फोटोत वर थो डाग कायचा पडला, कॅमेरा खराब झाला का?”