मामांचा फोटो आणि रतनवाडी

कोलटेंभे मागे टाकलं आणि समोर रतनगडाचा माथा दिसला. त्याचं नेढं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक, शोधायला मी गाडी बाजूला घेतली. खाली भंडारदऱ्याचं पाणी पार आत गेलं होतं, काठाची माती भेगाळून उघडी पडली होती. जूनचा पहिला आठवडा, २०२४. पाऊस एक-दोन दिवसांवर आलेला. पिशवीत, वहीच्या पानांमध्ये नीट दाबून ठेवलेला एक फोटो होता. तो द्यायला मला एकवीस वर्षं लागली होती.

जुलै २००३ मध्ये आम्ही चौघी मैत्रिणी रतनगड चढायला म्हणून इथे, रतनवाडीला आलो होतो. पावसाने गडाच्या पायथ्यालाही जाऊ दिलं नाही. ओढे फुगले, परतीची गाडी येईना, आणि देवळाजवळच्या एका घरात आम्ही तीन दिवस राहिलो. मावशींनी आम्हाला स्वतःची घोंगडी पांघरायला दिली, चुलीशी जागा दिली. तिसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला तेव्हा त्यांच्याबरोबर खाचरात उतरून भाताची आवणी केली. निघताना मी मामांचा, म्हणजे मावशींच्या नवऱ्याचा, एक फोटो काढला. डोक्यावरून घोंगडीची खोळ, पोटरीपर्यंत चिखल, एक हात बैलाच्या वशिंडावर. "पुढच्या वर्षी येते, फोटो घेऊनच येते," असं मी मावशींना म्हटलं होतं. रोल धुवून आला, फोटो अल्बममध्ये लागला. मग नोकरी, लग्न, बदल्या. पत्ता होता, पोस्टाने पाठवता आला असता. पण मला तो स्वतःच्या हाताने द्यायचा होता, आणि ते पुढचं वर्ष येतच राहिलं.

गावात शिरताना आधी ओळख पटली ती अमृतेश्वराच्या देवळाची. पावसा-शेवाळ्याने काळवंडलेला तोच दगड, शिखरावरची तीच दाट नक्षी. पुष्करणीच्या पायरीवर बराच वेळ बसले. चारी बाजूंच्या कोनाड्यांमधल्या मूर्ती, तळाशी हिरवं पाणी. प्रवरा इथेच, रतनगडावर उगम पावते. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात तिचंच पाणी अडवलंय. खालच्या मुलखाला तिने ऊस दिला, आणि इथल्या बायांना मात्र त्या वेळी मी उन्हाळ्यातल्या हंड्यांच्या खेपांबद्दल बोलताना ऐकलं होतं. ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

बाकी गाव बदललंय. बरीच घरं स्लॅबची झालीत, काठाला तंबू लागलेत, जेवणाखाण्याच्या पाट्या आहेत. मला याचं वाईट वाटलं नाही. हिरडा गोळा करून आणि एका पावसाळी भातावर वर्ष काढणाऱ्या घरांत चार पैसे येत असतील तर आपल्या आठवणींसाठी त्यांनी कुडाच्या भिंती का जपाव्यात?

घर सापडलं. मावशी ओट्यावर वरई पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, पावसाचे ते तीन दिवस सांगितले. "लई पोरी येत्यात बाई," त्या म्हणाल्या. "ऱ्हा की रातच्याला." त्यांना मी आठवत नव्हते. मामा जाऊन बारा वर्षं झाली, असं त्यांच्या मुलाने सांगितलं. मग पिशवीतून फोटो बाहेर काढायची माझी छातीच होईना.

रात्री त्याच्याबरोबर काजवे बघायला गेले. आडवार होता म्हणून गर्दी नव्हती. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते म्हणाला. एका सादड्यापाशी त्याने मला बॅटरी बंद करायला लावली. आधी काहीच दिसेना. मग एक फांदी लुकलुकली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता अख्खं झाड एका लयीत पेटू-विझू लागलं. नर प्रकाशाने साद घालतो, मादी गवतातून किंवा पानावरून उत्तर देते. मध्येच गाडीचे दिवे पडले की ही साद तुटते. पावसाच्या तोंडावरच्या थोड्या रात्रींतच त्यांना जोडीदार गाठायचा असतो. इथे जाणाऱ्यांना कळकळीने सांगते, गाडी लांब लावा, मोबाइल खिशात ठेवा, अंधारात गप्प उभे राहा.

सकाळी चहा झाल्यावर मी फोटो मावशींच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, ओट्याच्या कडेला उजेडात गेल्या. पदराने पुसला. मुलगा मागून वाकून बघत होता. "आमच्याकडं आबांचा एकबी फोटो नाही," तो हळूच म्हणाला. "आधारकार्डाच्या आधीच गेले ते."

मला मान वर करता येईना. मावशी मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांचं बोट मामांच्या चेहऱ्यावर नव्हतं, हाताखालच्या बैलावर होतं.

"हा पवळ्या," त्या म्हणाल्या. "ह्याला इकला त्या साली हे दोन दिस जेवले न्हाई."

मग बोट सरकत सरकत वशिंडावरच्या हातापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.